आरोग्य केंद्राच्या गोळ्या घेतल्या, तर आमचे डॉक्टर रागावतील का?

वाचकाचे पत्र

आम्ही ठाण्यात लोकमान्यनगरला राहतो. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. सुरुवातीला आमच्या गल्लीतलेच खाजगी डॉक्टर त्यांना पाहायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हापासून एका मोठ्या रुग्णालयातल्या मधुमेहतज्ज्ञांचे औषध चालू आहे. फी, तपासण्या आणि औषधे धरून महिन्याला साडेचार-पाच हजार रुपये जातात आणि यजमानांची नोकरी गेल्यापासून ते झेपत नाही. दोन महिन्यांपूर्वी आशाताई घरी आल्या आणि आम्हाला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट तपासले, आधीचे काही औषध चालू आहे का असेही विचारले. पण "खाजगीकडे जाता तर इथे कशाला आलात" असे म्हणून परत पाठवतील या भीतीने आम्ही काही सांगितले नाही. साखरेच्या दोन आणि रक्तदाबाची एक अशा गोळ्या मोफत मिळाल्या. सासूबाईंनी आठ-दहा दिवस दोन्हीकडची औषधे घेतली. एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. साखर चारल्यावर त्या हळूहळू सावरल्या. त्या दिवसांत त्यांचे पायही सुजले होते. आता केंद्राची औषधे बंद केली आहेत आणि "सरकारी गोळ्या मला बाधतात" असे त्या म्हणतात. तज्ज्ञांनी लिहिलेलीच औषधे केंद्रातून का मिळत नाहीत? केंद्रात जातो हे कळल्यावर तज्ज्ञ रागावतील का? माझी बहीण इंग्लंडमध्ये असते, तिथे एकच फॅमिली डॉक्टर सगळे पाहतो असे ती सांगते. आपल्याकडे तसे काही करता येईल का? दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो सोबत पाठवत आहे.

— एक सून, ठाणे

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमचे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण आधी त्या पहाटेविषयी लिहिते, कारण तो प्रसंग पुन्हा घडू नये ही माझी पहिली काळजी आहे. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या. तज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाने लिहिलेली जी साखरेची गोळी आहे, तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही दोन औषधे एकत्र आहेत. केंद्रातून मिळालेल्या साखरेच्या दोन गोळ्या म्हणजे हीच दोन औषधे, फक्त वेगवेगळी आणि मूळ नावाने. वेष्टन वेगळे, रंग वेगळा, नाव वेगळे, त्यामुळे ही तीन वेगवेगळी औषधे आहेत असे तुम्हाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे; प्रत्यक्षात सासूबाई दोनच औषधे दुप्पट घेत होत्या. त्यांतले मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि माणूस जेवला आहे की नाही याची वाट पाहत नाही. सत्तरीतल्या बाईने रात्री अर्धी भाकरी खाल्ली आणि हे औषध दुप्पट झाले, की पहाटे साखर उतरणारच. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे बहुधा त्याचीच आहेत.

हे त्यांच्या तज्ज्ञांना आणि केंद्रातल्या डॉक्टरबाईंना, दोघांनाही, याच आठवड्यात सांगा. साखर एकदा इतकी उतरली की ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, या वयात ते औषधच बदलायचे का, आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे, हे तपासावे लागते. मूत्रपिंड मंदावले असेल तर औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. दरम्यान स्वतःहून कोणताही डोस बदलू नका. पुन्हा असे झालेच आणि त्या शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता त्यांना कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आता तुम्ही ज्या भीतीपोटी गप्प राहिलात, तिच्याविषयी. मी सव्वीस वर्षे महापालिकेच्या दवाखान्यांत काम केले आणि त्या काळात समोर बसलेल्या शेकडो माणसांनी माझ्यापासून हीच गोष्ट लपवली. कुणाला वाटायचे की आम्ही रागावू, कुणाला वाटायचे की खाजगीत जाणाऱ्याला मोफत औषध मिळत नाही. तसा नियम नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे ठरले. ते केंद्र त्या वस्तीसाठी असते, आणि वस्तीतला माणूस आणखी कुठे औषध घेतो यावरून त्याला परत पाठवायचे नसते. शेवटी मी रुग्णांना तोंडी विचारणेच सोडून दिले होते. पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, असे सांगायचे आणि ती पिशवी टेबलावर रिकामी करायला लावायचे. एकाच औषधाच्या तीन-तीन ब्रँडच्या स्ट्रिपा त्यांतून निघत. तुम्हीही तेच करा. नवा केसपेपर काढू नका. जुना घेऊन जा आणि जे लपवले ते सरळ सांगा. डॉक्टरबाईंनी तुम्हाला आपणहून विचारले होते, यावरून त्या ऐकून घेतील असे मला वाटते.

तज्ज्ञ रागावतील का, हा तुमचा दुसरा प्रश्न. सरकारी आणि खाजगी या दोन बाजू एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, असे समाजात मानले जाते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या खाजगी डॉक्टरांचे सरकारी यंत्रणेशी रोजचे काम असते. क्षयरोगाचेच पाहा. ७ मे २०१२ च्या आदेशाने क्षयरोग हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरला. खाजगी डॉक्टरकडे क्षयाचा रुग्ण सापडला तर त्याची नोंद निक्षय या सरकारी ऑनलाइन प्रणालीत करावी लागते. आणि तो रुग्ण त्याच खाजगी डॉक्टरकडे उपचार घेत राहिला तरी त्याला सरकारी औषधे मोफत मिळू शकतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले, आणि ते खाजगीतल्या रुग्णालाही मिळतात. म्हणजे निदान एका डॉक्टरचे, गोळी सरकारची, पाठपुरावा करायला महापालिकेची आरोग्यसेविका घरी, आणि तरीही रुग्ण "आमच्या डॉक्टरांचा"च. बाळांच्या लसींचेही तसेच आहे. कितीतरी आया बीसीजी आणि पोलिओ आरोग्य केंद्रात देतात, एखादी लस बालरोगतज्ज्ञाकडे, आणि दोन्हीकडच्या तारखा एकाच कार्डावर लिहिलेल्या असतात. कोणी कोणावर रागावत नाही, कारण कार्ड दोघांच्याही डोळ्यांसमोर असते.

मधुमेह आणि रक्तदाबाला असे सामाईक कार्ड नाही, आणि तुमच्या घरात जे घडले त्याचे मूळ मला तिथे दिसते. तेव्हा तज्ज्ञांना साध्या शब्दांत सांगा: "डॉक्टर, खर्च झेपत नाही, म्हणून जी औषधे महापालिकेच्या केंद्रात मिळतात ती तिथून घ्यावी असे म्हणतो. कोणती तिथून चालतील आणि कोणती तुमचीच हवीत, ते चिठ्ठीवर लिहून द्या." बहुतेक डॉक्टरांना हे ऐकून बरेच वाटते, कारण पैशाअभावी औषध मधेच सोडणारा रुग्ण त्यांना रोज भेटत असतो आणि तो कारण सांगत नाही. एखादे डॉक्टर नाराज झालेच, तर ती नाराजी सोसावी, पण औषध लपवून घेऊ नये.

मग तज्ज्ञांनी लिहिलेलेच केंद्रातून का मिळत नाही? याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यावीत. पहिले अगदी सरळ आहे: केंद्राला औषधांची ठरलेली यादी असते आणि त्या यादीतलीच औषधे खरेदी होऊन येतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी जुनी, पारखलेली आणि स्वस्त औषधे सहसा तिथे असतात. सासूबाईंच्या चिठ्ठीतले साखरेचे दुसरे औषध, सिटाग्लिप्टिन, यादीत नसेल, तर डॉक्टरबाईंची इच्छा असूनही त्या ते देऊ शकत नाहीत.

दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. चिठ्ठीवर जो डॉक्टर सही करतो, त्या औषधाची जबाबदारी त्याची असते. डॉक्टरबाईंना रक्ताचा रिपोर्ट दिसला नाही, आधीच्या उपचारांचा इतिहास ठाऊक नाही, तर दुसऱ्याने लिहिलेले औषध जसेच्या तसे उतरवून देणे हे त्यांच्या दृष्टीने बेजबाबदारपणाचे ठरेल. त्यांनी तुम्हाला अ‍ॅम्लोडिपिन दिले, यात तज्ज्ञांच्या औषधाचा अनादर नव्हता. रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात नव्या रुग्णाला पायरीपायरीने औषध देण्याचा एक ठरलेला क्रम आहे आणि तुम्ही काहीच न सांगितल्यामुळे सासूबाई त्यांच्यासाठी नव्या रुग्ण होत्या. तज्ज्ञांनी लिहिलेले टेल्मिसार्टन आधीच चालू आहे हे कळले असते, तर त्यांनी बहुधा तेच पुढे चालू ठेवले असते.

इथेच तुमच्या बहिणीच्या इंग्लंडचा संदर्भ कामाचा ठरतो. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नाव नोंदवायचे, तातडीचे काही नसेल तर तज्ज्ञाकडे त्याच्याच पत्राने जायचे आणि तज्ज्ञाने काय केले ते पत्राने परत त्याच फॅमिली डॉक्टरला कळवायचे, अशी ती पद्धत आहे. यातले बहुतेक फॅमिली डॉक्टर सरकारचे पगारी नोकरही नसतात. दवाखाने बहुधा डॉक्टरांच्याच मालकीचे असतात आणि ते सरकारी सेवेशी करार करून काम करतात. पण तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट पुढे आहे. तिथेही कोणी पैसे भरून खाजगी तज्ज्ञाला दाखवले आणि त्याने एखादे औषध सुचवले, तर फॅमिली डॉक्टरने ते सरकारी चिठ्ठीवर लिहून दिलेच पाहिजे असे बंधन नसते. ते आपल्याला योग्य वाटते का, आपल्या भागाच्या औषधयादीत बसते का, त्यावर लक्ष ठेवणे आपल्याला जमेल का, हे तो पाहतो आणि कधी कधी नाही म्हणतो. तुमच्या बहिणीला विचारा, यावरून तिथेही रुग्णांची कुरकुर होते. म्हणून "तिथे एकच डॉक्टर सगळे पाहतो" यापेक्षा "तिथे सगळे कागद एका डॉक्टरकडे येतात" असे म्हटले तर ते अधिक खरे होईल, आणि आपण तिथून घेण्यासारखे जे आहे ते हेच आहे.

आपल्याकडे एका डॉक्टरचे पत्र दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. ते नेण्याचे काम घरातल्या कोणाला तरी करावे लागते, आणि तुमच्या पत्रावरून ते तुम्हीच कराल असे दिसते. एक साधी फाईल करा. पहिल्या पानावर चालू औषधांची यादी असू द्या: मूळ औषधाचे नाव, डोस, केव्हा घ्यायचे, कोणी लिहिले आणि कुठून मिळते. ब्रँडचे नाव कंसात चालेल, पण मूळ नाव हवेच, कारण त्या नावाने यादी असती तर ग्लिमेपिराइड दोनदा आले आहे हे तुमच्याही लक्षात आले असते. हे नाव मागायला संकोच करू नका. औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेतच २०१६ मध्ये आलेले आहे. त्याच आचारसंहितेनुसार रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. तीन वर्षांपूर्वी सासूबाई रुग्णालयात होत्या, त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडे नसेल तर लेखी अर्ज करून लगेच मागा, कारण नोंदी जपून ठेवण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे आणि ती मुदत तुमच्या बाबतीत संपत आली असेल.

आता मुख्य मुद्दा: या फाईलचा धनी कोण? दोघांचाही सल्ला अर्धा-अर्धा घेत राहणे मला पसंत नाही. माझा स्पष्ट कौल असा, की सासूबाईंचे दर महिन्याचे काम आरोग्य केंद्राकडे द्यावे आणि तज्ज्ञांकडे वर्षातून दोनदा, किंवा काही बिघडले तर लगेच, जावे. रक्तदाब मोजणे, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, पायांवर जखम आहे का ते पाहणे, गोळ्या देणे, ही कामे दरमहा त्याच त्याच पद्धतीने व्हावी लागतात आणि ती घराजवळ होणे चांगले. तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यांतले केंद्रात जे होत नसेल ते जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचे असल्यामुळे त्याला तो निर्णय लागू होत नाही, तिथले दर वेगळे असतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनेकांचा हेलपाटा होतो.

केंद्राच्या उणिवाही मी लपवणार नाही. डॉक्टर कंत्राटी असतात आणि बदलतात. कधी औषधाचा साठा संपतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला रांगेत उभे राहणे जिवावर येते. म्हणूनच फाईल तुमच्या हातात हवी, म्हणजे डॉक्टर बदलले तरी इतिहास बदलत नाही. शेवटच्या गोळीपर्यंत न थांबता आठवडाभर आधी औषध आणायला जा, आणि एखादी गोळी संपली असेल तर तिचे मूळ नाव सांगून जन औषधी केंद्रातून, म्हणजे मूळ नावाची स्वस्त औषधे विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानातून, आणा. दर वेळी सासूबाईंना नेता येत नसेल तर आशाताईंशी बोला; रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांचा पाठपुरावा हे त्यांच्या कामातच येते.

सिटाग्लिप्टिनचा खर्च वेगळा पाहू. त्याचे पेटंट भारतात जुलै २०२२ मध्ये संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात आली. त्याच वर्षी जन औषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. तुमच्या चिठ्ठीवर अजून जुना महाग ब्रँड आहे. "हेच औषध जन औषधीतले चालेल का?" एवढे एक वाक्य तज्ज्ञांना विचारले तरी तुमचा महिन्याचा खर्च बराच खाली येईल.

रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर सासूबाईंना आणखी एक आधार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर आयुष्मान भारत योजनेतल्या खाजगी वा सरकारी रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. आधार कार्डावर नोंदणी होते. मात्र हे दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत. घाईच्या वेळी धावाधाव नको म्हणून कार्ड आत्ताच काढून ठेवा आणि त्याची प्रत फाईलला लावा.

राहिली सासूबाईंची तक्रार, की सरकारी गोळ्या त्यांना बाधतात. तिला वेडगळ समजून उडवून लावू नका, कारण तिच्यात तथ्य आहे. अ‍ॅम्लोडिपिनमुळे काही जणांच्या घोट्यांवर आणि पावलांवर सूज येते, हा त्या औषधाचा सर्वांना ठाऊक असलेला परिणाम आहे. तो महापालिकेच्या गोळीने होतो तसाच खाजगी दुकानातल्या महाग गोळीनेही होतो. गोळी बंद केल्यावर सूज उतरली का, हे तुम्ही लिहिलेले नाही. उतरली असेल तर पिशवी घेऊन जाल तेव्हा डॉक्टरबाईंना सासूबाईंनाच स्वतःच्या तोंडाने सांगू द्या, की या गोळीने माझे पाय सुजले. त्या केसपेपरवर तशी नोंद करतील आणि दुसरी गोळी देतील. सूज अजूनही असेल, किंवा चालताना धाप लागत असेल, तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हायला हवी, आणि त्यासाठी वाट पाहत बसू नका.